पगारातले दोनशे रुपये रोजगार हमीपर्यंत कसे पोहोचतात

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या सॅलरी स्लिपवर पीएफ आणि टीडीएसच्या शेजारी एक लहानशी कपात असते. पीटी, म्हणजे व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे मिळून २,५००. रक्कम इतकी लहान आणि इतकी ठरलेली, की तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ज्यांच्या मालकीचं दुकान किंवा ऑफिस आहे त्यांच्या मालमत्ता कराच्या बिलात 'रोजगार हमी उपकर' असा आणखी एक रकाना असतो. तिथे निदान नाव तरी छापलेलं असतं. व्यवसाय करावर तेही नाही. पण हे दोन्ही पैसे एकाच कामासाठी घ्यायचे ठरले होते: खेड्यातल्या माणसाने काम मागितलं तर ते देण्यासाठी सरकारच्या हाताशी पैसा असावा.

हा पैसा सरकार कसा गोळा करतं हे सोपं आहे. मालक पगारातून कापतो आणि भरतो. पण तो खर्च करायची परवानगी कोण देतं, त्या परवानगीवर विधानसभेत वाद कसा होतो, वाद घालणाऱ्या आमदाराच्या हातात नेमकं काय असतं, आणि खर्च झाल्यावर हिशेब कोण मागतं, हे आपल्याला नीट कुणी सांगितलेलं नसतं. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर काय स्वस्त झालं आणि काय महाग झालं एवढंच दिसतं. म्हणून या दोनशे रुपयांचा माग काढत ती व्यवस्था बघू. त्यासाठी आधी पन्नास-साठ वर्षं मागे जायला हवं.

कर कशासाठी आला

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. १९६५ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. ज्याला काम हवं त्याला ते गावाजवळच द्यायचं, आणि त्या कामातून बांध, तळं, रस्ता असं काहीतरी टिकणारं उभं करायचं. या कल्पनेमागे होते वि. स. पागे. ते १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ओळीने पावसाने दगा दिला. 'बहात्तरचा दुष्काळ' असं आजही म्हातारी माणसं म्हणतात तो हाच. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, रस्त्यांवर माती टाकायची अशी कामं राज्यभर काढली गेली. मे १९७३ मध्ये या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. लाल निशाण पक्षासह डाव्या संघटनांनी कामावरच्या मजुरांना एकत्र केलं, मोर्चे निघाले, मजुरीवर भांडणं झाली. दुष्काळ ओसरल्यावर ही मागणी कायम राहिली की काम सरकारच्या मर्जीवर असू नये, तो आमचा हक्क असावा.

इथेच सरकारी पैशाचा एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. दुष्काळी काम ही मदत असते. सरकार ठरवतं कुठे काढायचं आणि कधी बंद करायचं. नेहमीच्या योजनेला वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरवून देतात, ती संपली की योजना त्या वर्षापुरती थांबते. हमी तशी नसते. पाऊस पडला नाही आणि अपेक्षेपेक्षा दुप्पट माणसं तहसीलदाराकडे आली, तर 'यंदाचे पैसे संपले' असं म्हणता येत नाही. म्हणजे खर्च किती होणार हे सरकार ठरवणार नाही, काम मागणारा माणूस ठरवणार. असा खर्च दर वर्षीच्या ओढाताणीवर सोडला तर हमी पहिल्या मोठ्या दुष्काळातच मोडेल. त्यासाठी वेगळा, न आटणारा झरा हवा होता.

तो झरा म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरचा कर, विक्री करावरचा अधिभार, बागायती जमिनीवरचा आकार, शहरातल्या बिगर निवासी इमारतींवरचा उपकर अशाही गोष्टी आल्या. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने खेड्यातल्या मजुरासाठी थोडा भार उचलायचा असं ते ठरलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने घेतलेल्या सर्वांत उदार निर्णयांपैकी हा एक आहे. अर्थात त्यात बड्या शेतकऱ्यांचाही फायदा होता. रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव झाले की ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढतं. ग्रामीण भागातले आमदार या योजनेमागे एकजुटीने उभे राहिले त्याचं हेही एक कारण.

फेब्रुवारीत १०० रुपये जास्त का कापतात याचं उत्तरही इथेच आहे. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वरची मर्यादा घातली आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या ६०व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि आजही तीच आहे. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, आणि बाराव्या महिन्यात ३००. मर्यादा पूर्ण गाठायची आणि ओलांडायची नाही, म्हणून हा हिशेब. १९८८ पासून पगार कितीतरी पटींनी वाढले, पण दहा हजारांच्या वर कमावणारा पुरुष असो की महिन्याला पाच लाख कमावणारा, दोघांना कर तेवढाच. स्त्रियांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर माफी आहे. दर वाढवायचा झाला तर तो विधानसभेच्या हातात नाही. त्यासाठी संसदेला पुन्हा घटना बदलावी लागेल.

कर लागू झाल्यावर हक्काचा कायदा आला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. असा हक्क कायद्याने देणारं देशात दुसरं राज्य तेव्हा नव्हतं.

कर जमा झाला म्हणजे निधीत गेला असं नाही

व्यवसाय कर थेट रोजगार हमीच्या खात्यात पडतो असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. राज्याचा प्रत्येक कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो. हा राज्याचा मुख्य गल्ला. त्यातून एक रुपयासुद्धा कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. घटनेच्या २६६व्या अनुच्छेदात हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि लोकशाहीत सरकारी पैशावरचा सगळा अंकुश या एका वाक्यावर उभा आहे.

मग रोजगार हमीसाठी पैसा वेगळा कसा होतो? १९७७ च्या कायद्याने 'रोजगार हमी निधी' नावाचा राखीव निधी तयार केला. दर वर्षी या करांतून जेवढे जमा झाले तेवढे, गोळा करण्याचा खर्च वजा करून, विधिमंडळाच्या मंजुरीने या निधीत वळवायचे. आणि राज्य सरकारने आपल्या बाजूने तेवढीच भर घालायची. ही दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. नोकरदाराकडून शंभर रुपये घेतले तर सरकारनेही आपल्या इतर उत्पन्नातून शंभर टाकायचे, म्हणजे कामासाठी दोनशे उभे राहतात. नंतर प्रत्यक्ष मजुरी द्यायची वेळ आली की निधीतून खर्च करायलाही पुन्हा सभागृहाची मंजुरी. थोडक्यात, तुमचे दोनशे रुपये मजुरापर्यंत पोहोचेतो विधानसभेचा दरवाजा दोनदा ओलांडतात: एकदा निधीत जाताना, एकदा निधीतून बाहेर पडताना.

आणि दोन्ही दरवाज्यांवर ते अडकू शकतात. पहिल्या दरवाज्यावर असं होतं की कर पूर्ण गोळा होतो, पण निधीत वळवण्यासाठी अर्थसंकल्पात कमी रक्कम धरली जाते, किंवा सरकारची बरोबरीची भर कमी पडते. दुसऱ्या दरवाज्यावर असं होतं की निधीत पैसे दिसतात, पण कामंच कमी काढली जातात. समजा कर आणि भर मिळून निधीत २०० रुपये आले आणि कामांवर ८० खर्च झाले. कागदावर १२० शिल्लक. ती रक्कम कुठल्या बँकेत वेगळी बांधून ठेवलेली नसते. राखीव निधी हा सरकारच्या हिशेबातला एक आकडा असतो आणि रोख रक्कम सरकारच्या एकूण गंगाजळीतच फिरत राहते. म्हणून 'रोहयोचे', म्हणजे रोजगार हमी योजनेचे, 'पैसे पडून आहेत' असं आमदार म्हणतात तेव्हा ते पडून नसतात, दुसरीकडे वापरले गेलेले असतात. रोहयोवर वर्षानुवर्षं झालेल्या टीकेचा मोठा भाग याच शिलकीवर होता: कर घेतला त्या प्रमाणात काम दिलं गेलं नाही.

त्यामागे कारणंही होती. १९८८ मध्ये मजुरीचे दर साधारण दुप्पट झाले. त्यानंतर कामावरच्या मजुरांची संख्या घसरली. मजुरी वाढल्यावर माणसं जास्त यायला हवीत, कमी कशी झाली? अर्थतज्ज्ञांनी यावर बराच काथ्याकूट केला. एक मत असं की खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी यंत्रणेने नवी कामं उघडणंच कमी केलं. हमी कायद्यात तशीच राहिली, पण गावात काम निघालंच नाही. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि आंबा, काजू, डाळिंब, संत्र्याच्या बागांवर या योजनेचा पैसा गेला. तो वाया गेला असं कुणी म्हणणार नाही, कोकणात आणि सोलापूर-नाशिककडे त्या बागा उभ्या आहेत. पण बाग लावायला आधी जमीन लागते, आणि हमी मुळात ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी होती.

सभागृहात काय घडतं

मार्चमध्ये अर्थमंत्री विधानसभेत अर्थसंकल्प मांडतात. भाषण संपलं की मोकळी चर्चा होते. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक विभाग आपला खर्च 'अनुदानाची मागणी' म्हणून सभागृहापुढे ठेवतो. गृह, कृषी, जलसंपदा, नियोजन. रोजगार हमी नियोजन विभागाकडे आहे. प्रत्येक मागणीवर मतदान होतं. सगळ्या मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं, आणि ते मंजूर झालं की गल्ल्याचं कुलूप उघडतं. काही खर्च मात्र मताला टाकताच येत नाही. कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार अशा खर्चाला 'प्रभारित' म्हणतात. त्यावर बोलता येतं, नकार देता येत नाही.

आता आमदाराचा हात कुठवर पोहोचतो ते पाहा. घटनेचा २०३वा अनुच्छेद सांगतो की विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या इच्छेशिवाय, मागणी मांडताच येत नाही. एखाद्या आमदाराला वाटलं की आपल्या तालुक्यात मजूर काम मागत आहेत आणि रोहयोसाठी ठेवलेले पैसे अपुरे आहेत, तर त्याला 'आणखी पन्नास कोटी द्या' असा प्रस्ताव मांडता येत नाही. त्याच्याकडे साधन एकच: कपात सूचना. म्हणजे पैसे वाढवून हवे आहेत म्हणून तो उभा राहतो आणि 'ही मागणी शंभर रुपयांनी कमी करावी' असं म्हणतो. ही लाक्षणिक कपात. तिच्या आधाराने तो विशिष्ट तक्रार बोलून दाखवतो: अमुक गावात मजुरांच्या हजेरीचं मस्टर निघालं नाही, तमुक ठिकाणी तीन महिन्यांची मजुरी थकली. मंत्री उत्तर देतात, आश्वासन देतात, आणि कपात सूचना मागे घेतली जाते किंवा फेटाळली जाते.

वरवर हे निरर्थक वाटतं. सरकारकडे बहुमत असतं, कपात सूचना मंजूर होत नाही, झाली तर सरकारवरचा विश्वास उडाल्यासारखं होतं. मग बोलून काय उपयोग? उपयोग असा की सभागृहातलं मंत्र्याचं आश्वासन नोंदवलं जातं, आणि ती आश्वासनं पाळली की नाही हे बघायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. तालुक्याच्या कचेरीत बुडालेली फाइल मुंबईत कुणीतरी नाव घेऊन विचारल्यावर हलते, हा ग्रामीण भागातला रोजचा अनुभव आहे.

खरी अडचण वेळेची आहे. मागण्यांवरच्या चर्चेला ठरावीक दिवस असतात. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या विभागांच्या मागण्या चर्चेविना एकापाठोपाठ मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. गोंधळात, सभात्यागात, घोषणांत जे दिवस जातात त्यांची किंमत इथे मोजावी लागते. सभागृह बंद पाडल्याने सरकार अडचणीत येतं असा एक समज आहे. पैशाच्या बाबतीत उलटं घडतं. बोलायची वेळ विरोधकांची जाते, मागण्या मात्र मंजूर होतात.

विधान परिषदेची गोष्ट आणखी वेगळी. परिषदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, पण मागण्यांवर मतदानाचा हक्क तिला नाही. धन विधेयक ती अडवू शकत नाही, चौदा दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं एवढंच. पैशाला हातही न लावू शकणाऱ्या या सभागृहाच्या सभापतींच्या कल्पनेतून राज्यातली सर्वांत मोठी खर्चाची हमी जन्माला आली हे पागेंचं मोठेपण आहे. मत नसलं तरी विचार मांडायला, पाठपुरावा करायला आणि सरकारला पटवायला सभागृह असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला आठवत नाही.

अर्थसंकल्प झाल्यावरचा अर्थसंकल्प

वर्षभरात ठरलेले पैसे कमी पडले, किंवा नवी गरज निघाली, तर सरकार पुरवणी मागण्या आणतं. घटनेच्या २०५व्या अनुच्छेदाने ही सोय ठेवली आहे आणि ती हवीच. जूनमध्ये पाऊस लांबला तर मार्चमध्ये ते कुणाला कळणार? रोजगार हमीसारख्या योजनेला तर पुरवणीशिवाय गत्यंतर नाही.

पण सोयीची सवय झाली की मूळ अर्थसंकल्पाचा अर्थ पातळ होतो. २०२४ चं उदाहरण घ्या. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत फक्त अंतरिम अर्थसंकल्प आला आणि काही महिन्यांच्या खर्चापुरती परवानगी, म्हणजे लेखानुदान, घेण्यात आली. पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला, सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा. त्याच पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात २५ हजार कोटी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी होते. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. एवढी मोठी रक्कम लागणार हे अर्थसंकल्प मांडताना ठाऊक होतं, तर ती त्या अर्थसंकल्पातच असायला हवी होती. अर्थसंकल्पावर निदान काही दिवस बोलणं होतं. पुरवणी मागण्यांना त्याहून कमी वेळ मिळतो, आणि एका विभागाचे पैसे वाढताना दुसऱ्या कुणाचे कमी होणार हे त्या वेळी समोर दिसत नाही.

मंजुरी मिळाल्यावरही गोष्ट संपत नाही. सरकारी कचेऱ्यांत तीन शब्द रोज ऐकू येतात: तरतूद, वितरण, खर्च. तरतूद म्हणजे विधानसभेने मंजूर केलेली रक्कम. वितरण म्हणजे वित्त विभागाने त्यातली प्रत्यक्ष सोडलेली. खर्च म्हणजे शेवटी दिलेली. 'तरतूद आहे पण निधी आला नाही' हे वाक्य ज्याने कधी ग्रामपंचायतीत खेटे घातले आहेत त्याला पाठ असतं. सभागृहात वाद होतो तो तरतुदीवर. माणसाला मजुरी मिळते ती खर्चातून. या दोहोंच्या मधला टप्पा मंत्रालयात घडतो आणि त्यावर मतदान नसतं.

हिशेब कोण मागतं

वर्ष संपल्यावर महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, राज्याचे हिशेब तपासतात. त्यांचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि विधिमंडळात मांडले जातात. महाराष्ट्रात ते बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात, त्यामुळे त्यांवर सभागृहात लगेच चर्चा होत नाही. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या येतात आणि विषय मागे पडतो. मला हे फार खटकतं. मार्चच्या घोषणांना जेवढी जागा मिळते तिचा चौथा हिस्सा जरी या अहवालांना मिळाला तरी बराच फरक पडेल, कारण घोषणेचं पुढे काय झालं ते इथे लिहिलेलं असतं.

पुढचं काम लोकलेखा समितीचं. तिच्यात सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही असतात. सचिवांना बोलावून ही समिती विचारते की मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला, मंजूर रक्कम मार्चअखेर परत का गेली. तिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात, म्हणून पक्षाची भाषणंही कमी असतात. ज्यांनी समित्यांचं काम केलं आहे ते जुने आमदार सांगतात की खरं शिकायला तिथेच मिळतं.

रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने याच्याही पुढे एक पाऊल टाकलं. एका योजनेसाठी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची स्वतंत्र समिती: रोजगार हमी योजना समिती. ती जिल्ह्यांचे दौरे करते, कामाच्या जागेवर जाते, हजेरीची मस्टर बघते, मोजमाप पुस्तिकेत लिहिलेली विहीर जमिनीवर आहे का ते पाहते. खोटी नावं, मुकादमाचं कमिशन, यंत्राने केलेलं काम मजुरांच्या नावावर दाखवणं, ही दुखणी या योजनेला सुरुवातीपासून आहेत. कागदावरची तपासणी त्यांना पकडू शकत नाही. पाझर तलावाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर मात्र दिसतं की त्यात पाणी थांबतं की नाही. दौऱ्यांत जेवणावळी आणि हारतुरेच जास्त होतात अशी टीका होते, आणि ती काही वेळा खरीही असते. तरीही जिल्हाधिकाऱ्याला आठवडाभर आधी कळतं की समिती येणार आहे, आणि त्या आठवड्यात थकलेली मजुरी निघते, हेही खरं आहे.

दिल्लीने पैसे दिले, आणि आता परत मागितले

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याच्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, पुढे त्याला महात्मा गांधींचं नाव जोडलं गेलं. या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता, साहित्याच्या खर्चात राज्याचा एक चतुर्थांश वाटा. केंद्र एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी देत होतं. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा रद्द केला नाही, त्यात बदल करून तो जुळवून घेतला, आणि १०० दिवसांच्या पुढचं काम राज्याच्या पैशातून द्यायचं धोरण ठेवलं.

यामुळे एक विचित्र परिस्थिती तयार झाली. ज्या मजुरीसाठी १९७५ मध्ये कर लावला तिचा मोठा भाग आता दिल्लीतून येऊ लागला, पण कर चालूच राहिला. व्यवसाय करातून राज्याला दर वर्षी दोन हजार कोटींहून जास्त मिळतात. मग ते कशावर खर्च होतात, हा प्रश्न रास्त आहे. राज्याचा वाटा, फळबाग लागवड, शंभर दिवसांपुढचं काम अशी उत्तरं आहेत, पण कर किती आणि खर्च किती याचा मेळ सामान्य माणसाला एका पानावर कुठे मिळत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला: विकसित भारत, रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण). त्यात दिवस १०० चे १२५ केले आहेत. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची तरतूद आहे. आणि पैशाची वाटणी बदलली आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. मजुरीही त्यात आली. शिवाय केंद्र दर वर्षी राज्याला ठरावीक रक्कम नेमून देणार, आणि त्यापलीकडे खर्च झाला तर तो राज्याचा.

संसदेत यावर कडाक्याचा वाद झाला. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की राज्याचे स्वतःचे पैसे लागले की राज्य नीट लक्ष देईल, उधळपट्टी थांबेल, आणि शेतीच्या हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळतील. विरोधकांचं म्हणणं असं की खर्चाला आधीच मर्यादा घातली तर ती हमी राहत नाही, नेहमीची योजना होते, आणि गरीब राज्यांना ४० टक्के झेपणार नाहीत. मला दुसरी बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. काम मागणाऱ्याची संख्या पावसावर ठरते. तिला आधी ठरवलेल्या रकमेत बसवायला गेलं की कामं उघडणं कमी होतं. मजुराला 'नाही' असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण अर्ज घ्यायला ग्रामरोजगार सेवक भेटत नाही.

महाराष्ट्राची स्थिती मात्र इतर राज्यांपेक्षा बरी आहे. इथे वेगळा कर आहे, वेगळा निधी आहे, सरकारने बरोबरीची भर घालण्याची अट कायद्यात आहे, आणि विधिमंडळाची वेगळी समितीही आहे. १९७० च्या दशकात पैशाची जी सोय केली गेली ती आता पुन्हा कामाला येऊ शकते, ती तिच्या मूळ कामासाठी वापरली तर. हे ठरणार आहे नियोजन विभागाच्या मागणीवर, विधानसभेत.

आमदाराला एक साधन आणखी असतं, तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. आपल्या आमदारांना अधिवेशनाच्या आधी एक पत्र लिहून एवढंच विचारायला सांगता येईल: गेल्या आर्थिक वर्षात व्यवसाय कर आणि रोजगार हमी उपकर मिळून किती जमा झाले, त्यातले किती रोजगार हमी निधीत वळवले, सरकारने बरोबरीची भर किती घातली, आणि नव्या कायद्यातल्या ४० टक्क्यांसाठी यंदा किती रक्कम ठेवली आहे. चार आकडे आहेत. चारही सरकारच्या दप्तरी असतात.